गन आमची, पण ठेवायची तुमच्या अंगणात

"वहिनी, दुपारी झोपमोड झाली असेल ना तुमची? आमच्याकडे महायुद्ध चाललं होतं."

"मला वाटलं मॅच आहे. कोण ओरडत होतं एवढं?"

"हे आणि यांचा तो बँकेतला मित्र. पन्नाशी उलटली दोघांची! रविवार आला की माझं जेवणाचं टेबल जातं. त्याच्यावर हिरवं कापड, कापडावर झाडं, कुंपणं, बोटाच्या पेराएवढे शिपाई. म्हणे 1944 चं नॉर्मंडी. आज भांडण कशावरून, तर मशीनगनवरून."

"खेळण्यातल्या?"

"खेळण्यातल्याच हो! व्हिकर्स म्हणतात तिला. तिपाईवर बसवतात, नळीभोवती पाण्याचं पिंप. चारेक लिटर पाणी मावतं, गोळ्या झाडल्या की उकळतं. ती वाफ रबरी नळीनं डब्यात घ्यायची आणि तेच पाणी परत ओतायचं. किती काटकसरी बघा! तर यांनी गन ठेवली टेकडीमागे आणि म्हणाले, मी टेकडीवरून मारा करून पलीकडच्या वाडीतले तुझे शिपाई मारतो. मित्र म्हणाला, तुला दिसतच नाहीत तर मारशील कसे?"

"बरोबरच आहे त्याचं."

"नाही ना! तेवढं यांचं बरोबर होतं. तुमच्या हातातला पाण्याचा पाइप जरा वर धरा बरं. आता भिंतीपलीकडचा माझा मोगरा दिसतो का तुम्हाला? पण पाणी पोचलं ना त्याच्यापर्यंत? गोळ्याही तशाच वरून उतरतात. नकाशावरून अंतर आणि दिशा काढायची, समोर खुंटी रोवायची, नेम त्या खुंटीवर. रात्री खुंटीला दिवा. नळी किती अंशांत वर, ते यंत्रानं मोजायचं. शत्रू बघायची गरजच नाही."

"हे तर आमच्या आजेसासऱ्यांकडून ऐकलंय मी. महार रेजिमेंटमध्ये होते ते. 1946 साली ती मशीनगन रेजिमेंट झाली, सेंटर तेव्हा इथंच कामठीला होतं. फोटोत टोपीवर बिल्ला दिसतो ना, त्याच्यावर दोन मशीनगन आडव्या-तिडव्या."

"त्याच व्हिकर्स त्या! सांगते यांना, येतील फोटो बघायला. चहा टाकून ठेवा, लवकर उठायचे नाहीत. पण पुढचं ऐका. मित्राला हरवायला यांनी पहिल्या महायुद्धातला किस्सा काढला. सोमच्या लढाईत हाय वूड म्हणून जंगल होतं. 24 ऑगस्ट 1916 ला तिथं 10 व्हिकर्सनी 12 तास मारा केला आणि जवळजवळ 10 लाख गोळ्या झाडल्या म्हणतात."

"दहा लाख!"

"काही अभ्यासक आता शंका घेतात त्या आकड्यावर. मी तिथंच भाजी निवडता निवडता हिशेब केला. एका गनला मिनिटाला एकशेचाळीसच्या आसपास पडतात, म्हणजे गनला न झेपण्यासारखं काही नाही. पण एका कापडी पट्ट्यात गोळ्या 250. दहा लाखांना पट्टे लागले चार हजार. ते भरायचे, वाहायचे, पाणी आणायचं, तापलेल्या नळ्या बदलायच्या. त्या माणसांचे हात बघायला हवे होते मला. इतिहास लिहिणारे गोळ्या मोजतात, पट्टे भरणाऱ्याला कोणी विचारत नाही."

"मग जिंकले म्हणा भाऊजी."

"कुठले! इथंच घसरले. मी म्हटलं, एवढ्या लांबून मारायची वस्तू तुम्ही टेबलावर कशाला ठेवता? शिपाई छप्पन्नाव्या हिश्शाचे. दोन हजार यार्डांचं अंतर त्या हिशेबानं शंभर फुटांच्या वर जातं. म्हणजे गन तुमच्या अंगणाच्याही पलीकडे, किराणा दुकानापाशी! मित्र म्हणाला, वहिनी, खेळात जमीन आक्रसून घेतात, इंचाला दहा मीटर धरा. धरलं. तरी पंधरा फूट होतात. गन स्वयंपाकघरात, गॅसशेजारी."

"मग खेळायचं तरी कसं?"

"गन टेबलावर आणायचीच नाही. खरी ती टेबलावरच्या तीस माणसांच्या टोळीची नव्हतीच. पूर्ण डिव्हिजनची एक मशीनगन बटालियन असायची. नॉर्मंडीत सोर्ड किनाऱ्यावर उतरलेल्या ब्रिटिश थर्ड डिव्हिजनकडे मिडलसेक्स रेजिमेंटवाल्यांची होती. टोळीचा म्होरक्या काय हाक मारणार, 'अरे, जरा डावीकडे मार' म्हणून? मारा आधीच ठरलेला. म्हणून डाव मांडायच्या आधी चिठ्ठीवर लिहायचं, अमुक रस्त्याचा अमुक पट्टा, दुसऱ्या फेरीपासून पाचवीपर्यंत. एकदा लिहिलं की फिरवायचं नाही. त्या पट्ट्यात जो शिरेल त्यानं फासे टाकायचे. मरतील थोडे, पण बाकीचे मान वर काढणार नाहीत, रसद पुढे जाणार नाही. तेच तर काम आहे तिचं! यांना हवं होतं शिपायांचं सडासंमार्जन, एकेक टिपून."

"पटलं का दोघांना?"

"मित्राला लगेच पटलं, यांच्या हातची गन गेली ना! हे फुगून बसले. तर्री-पोहे निवले तरी हात लावला नाही. मग एकदाची चिठ्ठी लिहिली. कोणाला दिसू नये म्हणून चष्म्याच्या घरात ठेवली."

"आणि जिंकलं कोण?"

"काय सांगू! तिसऱ्या फेरीत यांना घाई झाली. चिठ्ठीत काय लिहिलंय ते विसरून यांनी स्वतःचेच आठ शिपाई त्या रस्त्यावर नेले. मित्रानं काही न बोलता फासे यांच्या हातात दिले."