आमचे पंखे चकचकीत का असतात

आमच्या घरातले पंखे जुलैत जेवढे चकचकीत दिसतात तेवढे दिवाळीतही दिसत नाहीत, आणि याचं सगळं श्रेय आयकर खात्याला जातं.

रिटर्न भरायची मुदत ३१ जुलै. फॉर्म १६ शोधायला मी कपाट उघडतो, तिथे केव्हाच भंगारात गेलेल्या टीव्हीचं गॅरंटी कार्ड सापडतं, मग सगळीच कार्डं सालवार लावावीशी वाटतात, ती ठेवायला डबा हवा म्हणून स्वयंपाकघरात शिरतो, तर एकाही डब्याला त्याचं स्वतःचं झाकण नसतं, झाकणं जुळवता जुळवता मान अवघडते म्हणून वर बघतो आणि पंखा दिसतो. फॉर्म १६ ई-मेलमध्ये असतो.

बरं, भरायचं तरी काय असतं? पगार, बँकेचं व्याज, कापलेला टीडीएस, बहुतेक सगळं पोर्टलवर आधीच भरून ठेवलेलं. आपण ताडून बघायचं आणि मान डोलवायची. अंतरपाट दूर झाल्यावर नवऱ्यामुलाला याहून जास्त काम असतं. उत्पन्न ५ लाखांच्या वर असेल तर उशिराला ५,००० रुपये पडतात हेही मला पाठ आहे. तरी हात माऊसऐवजी फडक्याकडेच जातो.

मुलीने उपाय सुचवला. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन गृहस्थांनी विद्यार्थिदशेत टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून अभ्यास केला म्हणे, २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती. मी मोबाइलवर गजर लावला. २५ मिनिटं पासवर्ड आठवण्यात गेली. विश्रांती मात्र अशी मनापासून घेतली, की जाग आली तेव्हा चहाची वेळ झाली होती.

माझे खरे गुरू निघाले स्टॅनफर्डचे तत्त्वज्ञ जॉन पेरी. चालढकल्या माणूस आळशी नसतोच, महत्त्वाचं काम टाळायला मिळत असेल तर तो बाकीची कितीही अवघड कामं उपसतो, असं त्यांनी १९९६ साली लिहून ठेवलंय. त्याबद्दल २०११ साली त्यांना साहित्याचं इग नोबेलही मिळालं. मी हे सौ.ला छाती फुगवून वाचून दाखवलं. ती काहीच बोलली नाही. तेव्हापासून जून लागला की "अहो, रिटर्नचं तेवढं बघा हं" असं रोज प्रेमाने म्हणते, आणि गच्चीवरची टाकी, बाल्कनीतल्या कुंड्या, मिक्सरचा तळ, सगळं धुऊन निघतं.

यंदा रिटर्न भरलं गेलं ते ३१ तारखेच्या संध्याकाळी. साडूंनी मुलाच्या मुंजीची व्हिडिओ फिल्म बघायला बोलावलं होतं, संपूर्ण, होमासकट. "माझं रिटर्न राहिलंय हो!" म्हणत मी लॅपटॉपला असा बिलगलो की दहा मिनिटांत काम फत्ते.

रात्री सौ. परतल्यावर ऐटीत सांगितलं, "भरलं! आता फक्त ई-पडताळणी राहिली. ती ३० दिवसांत केली की झालं."

"तीस दिवस?" ती म्हणाली. "मग माळाही होईल."