रात्री दहानंतरची शांतता : एक घरगुती मार्गदर्शिका

सिडकोत भिंतीला भिंत लागून घर आहे, शेजारी हळद आहे आणि आपल्या मांडणीवरच्या स्टीलच्या ताटल्यांनी डीजेच्या आधीच ताल धरला आहे, अशा सद्गृहस्थांनी पुढीलप्रमाणे वागावे.

१. घड्याळ पाहावे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांची रात्र दहाला सुरू होते आणि सकाळी सहाला संपते. निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. दिवसा तक्रार करायची तर आवाज मर्यादेच्या १० डेसिबल वर चढावा लागतो; म्हणजे ६५ पर्यंत नुसते दातओठ खावेत. रात्री ही अट नाही, निर्बंध मोडला एवढे पुरे. मात्र कॅलेंडरही पाहावे. वर्षातून १५ दिवसांपर्यंत सरकार बारापर्यंत सूट देऊ शकते. त्या दिवशी ताटल्यांबरोबर आपणही ताल धरावा.

२. आवाज मोजावा. मोबाइलवर ॲप असते. त्यात ८५ दिसले तर ‘४५ च्या दुप्पटसुद्धा नाही’ असे समाधान मानू नये. दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. ४० जास्त म्हणजे दहा हजारपट. हा हिशेब बायकोला समजावून सांगावा. ती म्हणेल, “मग मला काय सांगता? त्यांना सांगा.”

३. त्यांना सांगायला जाऊ नये. “या या काका!” म्हणत कुणीतरी कपाळाला हळद लावते, हातात जिलेबीची प्लेट येते. हळद लागल्या कपाळाने तक्रार करता येत नाही.

४. ११२ लावावा. नावाची धास्ती नको. तक्रारदाराची ओळख विचारू नका, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावले आहे. आधी समज, मग दंड, मग सामान जप्त, अशा पायऱ्याही घालून दिल्या आहेत. शेजाऱ्याला मात्र नाव विचारावे लागत नाही. गल्लीत दिवा बंद करून जागे असलेले घर एकच असते.

५. गाडीची वाट पाहावी. ती वळणावर दिसताच डीजेला अचानक घसा बसतो. “कुठंय आवाज?” हवालदार विचारतो. समज दिली जाते, गाडी जाते, घसा सुटतो. पायरी पहिलीच राहते.

६. धीर धरावा. दीडला डीजेवाला स्वतःच थकतो. आता डोळा लागतो न लागतो तोच, अडीचला, गल्लीच्या टोकाहून हाक येते : “पाणी आलंऽऽ!” कित्येक दिवसांनी जायकवाडीचे पाणी नळाला आलेले असते. उठावे, टिल्लू पंप नळाला जोडावा. तो थेट जोडायला मनाई आहे, हे ठाऊक असू द्यावे. क्षणात घराघरातून टिल्लू घरघरू लागतात. मांडणीवरच्या ताटल्या पुन्हा ताल धरतात.

तेवढ्यात कुंपणावरून हळदीने पिवळा झालेला नवरदेव विचारील, “काका, तुमच्याकडं फोर्स आहे का?”

“आहे ना,” म्हणावे. “पाइप टाक इकडं.”

७. या वेळी ॲप उघडू नये.