कानसेन, मुक्काम धुरीवाडा

भाऊंना फोन केला तर ते उचलत नाहीत. दार वाजवलं तर उठत नाहीत. वैनी मागल्या पडवीतून ओरडतात, "अहो, बांगडे इलेत, घेवचे हत काय?" भाऊ ढिम्म. आणि मालवणात या गृहस्थांची ख्याती कशासाठी, तर कानासाठी!

बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक बागायत करतात, नाहीतर पर्यटकांसाठी खोल्या काढतात. भाऊंनी फंडाच्या पैशातून शांतता विकत घ्यायला सुरुवात केली. सुरुवात झाली कॉम्प्युटरच्या पुढच्या जॅकपासून. तिथे हेडफोन लावला आणि माऊस हलवला की कानात झुरळ चालल्यासारखी खसखस यायची. मला समोर बसवून त्यांनी कारण सांगितलं. डब्यात पंखे, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय यांची विजेची गर्दी. पुढच्या जॅकची वायर त्या बाजारातून अंग चोरत येते. मागचा हिरवा जॅक त्यातल्या त्यात बरा. पण 'बरा' हा शब्द भाऊंच्या कोशात शिवी म्हणून आहे.

म्हणून डॅक आला. आकड्यांची वीज करण्याचं काम डब्याबाहेर, यूएसबीच्या टोकाला. मग ३०० ओहमचे हेडफोन आले, आणि ते ओढायला वेगळा अ‍ॅम्प, कारण मदरबोर्डच्या चिपवर ते चालवणं म्हणजे पातीच्या इंजिनावर ट्रॉलर ओढणं. मग कळलं की विंडोज सगळ्या आवाजांचं एकच कालवण करतं; सीडीचे ४४.१ किलोहर्ट्झ बऱ्याचदा ४८ करून वाढतं. त्यावर उपाय 'एक्सक्लुझिव्ह मोड'. म्हणजे गाणं लागलं की डॅक फक्त त्याचा, बाकी सगळे प्रोग्रॅम मुके. पुण्याच्या मुलाचा व्हिडिओ कॉल तीनदा वाजून गेला तो यामुळेच. मुलाने शेवटी आईच्या मोबाइलवर विचारलं, "बाबा बरे आहेत ना?" वैनी म्हणाल्या, "बरे हत, पण एक्सक्लुझिव्ह हत."

एवढ्या सरंजामावर भाऊ ऐकतात काय? केसरबाई केरकर. त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. शेजारच्या गोव्यातल्या केरी गावच्या बाईंचा आवाज आता ताऱ्यांमधल्या अवकाशात आहे, हे सांगताना भाऊंचा गळा भरून येतो. रेकॉर्ड मात्र ७८ आरपीएमची, साडेतीन मिनिटांची. तिची २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची फाइल भाऊंनी मिळवली. मी ऐकली. केसरबाई होत्या तशाच होत्या. सुईची खरखर मात्र अप्रतिम ऐकू आली. डावीकडची कुठली आणि उजवीकडची कुठली, वेगळी दाखवता यावी इतकी.

हेडफोन मागून उघडे. बंद घेतले असते तर मालवणच्या दमटपणात कानाचा उकडीचा मोदक झाला असता. पण उघड्यातून समुद्र आत येतो, कावळे येतात, मासेवाली येते. हे त्यांना चालतं. गाण्यामागची अ‍ॅम्पची घूं चालत नाही.

ही घूं म्हणजे भाऊंचं आयुष्यातलं एकमेव वैर. अर्थिंग खराब, असं निदान झालं. जांभ्यात खड्डा मारला. मीठ, कोळसा भरला. जांभा मे महिन्यात कोरडा ठणठणीत, तेव्हा रोज दोन बादल्या पाणी. वैनी म्हणाल्या, "ता माडाक घातलात तर नारळ तरी लागतले." घूं गेली नाही. महिन्याने वायरमन आला. कॉम्प्युटर एका भिंतीवर, अ‍ॅम्प दुसऱ्या. अर्थची वायर फिरून फिरून भोवरा होत होती. त्याने दोन्ही पिना एकाच बोर्डात खोचल्या. घूं गेली. चहा पिऊन तो निघाला. भाऊ दोन दिवस उदास होते. पाणी अजून घालतात.

गणपतीत नातू आला. त्याने मोबाइलवर पंधरा हजार हर्ट्झचा सूर लावला. माणसाचे कान वीस हजारांपर्यंत पोचतात, पण साठीनंतर वरचा मजला बहुतेकांचा बंद होतो. अंगणातल्या कुत्र्याने कान टवकारले. नातवाने कानांवर हात ठेवले. भाऊ म्हणाले, "अ‍ॅप सुरू नाही झालं वाटतं."

पावसाळ्यात कानाच्या गाद्यांना बुरशी येते म्हणून हेडफोन तांदळाच्या डब्यात राहतो, आणि खारं वारं जॅकला हिरवं करतं म्हणून भाऊ दर रविवारी पिन पुसतात, देव पुसावेत तशी.

परवा जत्रेत दशावतार होता. पेटी, मृदंग रंगात आले, राजा गर्जत आला, आणि भाऊ उठून थेट माइकवाल्याकडे. मी मागोमाग. भाऊ म्हणाले, "अरे, तुझ्या अ‍ॅम्पाक घूं येता. अर्थिंग बघ."

माइकवाल्याने विडी विझवली. "भाऊ, ती माका म्हायत आसा. पण ती घूं बंद झाली तर लोकांका वाटतला, माइक बंद पडलो."