डॉक्टरसाहेब आहेत का?

अंबड-घनसावंगी पट्ट्यात मोसंबीची बाग आणि राजकारण दोन्ही सांभाळणाऱ्या डॉक्टरला शोधायचं तर तीन ठिकाणी जावं लागतं आणि तो चौथ्या ठिकाणी सापडतो. दवाखान्यात कंपाउंडर म्हणतो, "साहेब मळ्यात गेलेत, मोसंबीवर फवारणी चालूये." मळ्यात सालगडी सांगतो, "जालन्याला गेले, जिल्हा परिषदेत." तिथल्या व्हरांड्यात शिपाई म्हणतो, "आत्ताच गेले. पेशंट खोळंबलेत म्हणाले." साहेब त्या वेळी कुणाच्या तरी तेराव्याला पहिल्या रांगेत बसलेले असतात. मयत त्यांचाच पेशंट असतो. पण घरात सतरा मतं आहेत, जाणं भागच.

गडी मूळचा हुशार. 1 मे 1981 ला जालना जिल्हा झाला, त्यानंतर चार-दोन वर्षांत हा औरंगाबादच्या घाटीतून एम.बी.बी.एस. होऊन गावी आला. फी म्हणून कुणी ज्वारी दिली, कुणी कोंबडी, आणि एकानं थकलेल्या बिलाच्या भिडेपोटी चार एकर रान स्वस्तात दिलं. तिथंच बिघडलं. रानात न्यूसेलर मोसंबी लागली आणि साहेब पेशंटच्या जिभेपेक्षा झाडाची पानं जास्त बारकाईनं बघू लागले. खोडाला डिंक्या झाला की सालगड्याला सिस्टरच्या जागी उभं करून, हात स्वच्छ धुऊन बोर्डो पेस्ट लावतात. उलट गुडघे धरून आलेल्या म्हातारीला सांगतात, "मावशे, झाड जुनं झालंय. आता खत घालून उपयोग नाही. पाणी तेवढं तुटू देऊ नका."

ब्लडप्रेशरचा पट्टा फुगवता फुगवता विचारतात, "यंदा तुमची वाडी कुणीकडं?" पेशंट विरोधातला असला की पारा आपसूक चढतो. साहेब ते रीडिंग खरं धरून गोळी वाढवतात.

पक्षाचं विचारू नये. खुर्चीमागच्या भिंतीवर खिळा एकच आहे, त्यावरचा नेता बदलतो. उतरवलेले नेते एक्स-रेच्या मोठ्या पाकिटात जपून ठेवलेत. पुन्हा लागतात.

2012 ला साहेबांचा जिल्हा परिषद गट महिलांसाठी राखीव सुटला. पोस्टरवर वहिनींचा फोटो पासपोर्टएवढा, साहेब स्टेथोस्कोपसकट पूर्णाकृती. पण निवडून वहिनी आल्या आणि सभेत बोलायलाही लागल्या, हे साहेबांनी अजून मनातून माफ केलेलं नाही.

त्याच वर्षी पाऊस फिरकला नाही. 2012-13 च्या त्या दुष्काळात जिल्ह्यातल्या बागाच्या बागा वाळल्या. लोकांनी उसनवारी करून टँकर विकत घेतले, आणि तेही परवडेना तेव्हा पोरासारखी वाढवलेली झाडं स्वतःच्या हातानं तोडून सरपणाला घातली. साहेबांनी सलाईनच्या रिकाम्या बाटल्या धुऊन, पाणी भरून झाडाझाडाला टांगल्या. रात्री टॉर्च घेऊन थेंब मोजत फिरायचे. दवाखान्यात सलाईन लावून पडलेला एक जण शेवटी म्हणाला, "डाक्टर, मला बी मोसंबी समजून बघा की जरा." निम्मी बाग वाचली. टिंगल पुष्कळ करता येईल, पण त्या उन्हाळ्यात या माणसानं एकही भाषण केलं नाही, एवढं कबूल करायला हवं.

2016 ला जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं. साहेबांनी पुढच्या वर्षीच्या पत्रकात ते स्वतःच्या कामांत टाकलं, दोन हायमास्ट दिवे आणि एक सभामंडप यांच्या मधोमध. राजूरच्या गणपतीला नारळ फोडला आणि या खेपेला स्वतः निवडून आले. मार्च 2022 मध्ये मुदत संपून प्रशासक बसला. पडण्याचीसुद्धा संधी न देता सरकारनं आपल्याला माजी केलं, ही त्यांची तक्रार अजून ताजी आहे.

विंचवाचं नाव काढलं, की मात्र बागायतदार आणि सदस्य दोघंही बाजूला सरतात आणि आतला डॉक्टर बाहेर येतो. विंचूदंशावर प्राझोसिन देऊन माणूस वाचतो, हे महाडला राहून जगाला दाखवणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर मूळचे भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. त्यांचं नाव साहेब अशा सलगीनं घेतात, की दोघं एका बाकावर शिकले असं ऐकणाऱ्याला वाटावं.

2017 च्या मतदानाच्या रात्री विरोधी उमेदवाराच्या पोलिंग एजंटाला विंचू चावला. सदरा घामानं चिंब, हातपाय गार. साहेबांनी गोळी दिली, आकडेमोडीला जमलेले स्वतःचे कार्यकर्ते हाकलून दिले आणि रात्रभर स्टूल टाकून नाडी बघत बसले. पहाटे एजंट सावरला.

"डाक्टर, फी किती झाली?"

"फी राहू द्या. तुमच्या बूथवर मला किती पडली, तेवढं सांगा."

एजंटानं पुन्हा डोळे मिटले. "ते नका इचारू, साहेब. परत घाम फुटंल."

"आता नाही फुटत. औषध लागू पडलंय तुम्हाला."

"मला न्हाई. तुम्हाला."