पडद्याचं मानक काढा: नवख्यांसाठी पहिले धडे

संगणकाच्या पडद्यासाठी नवं मानक काढायचं मनात आलंय? अभिनंदन. आधीच ढीगभर आहेत म्हणून बिचकू नका, तो ढीगच तर आपलं भांडवल.

सोपी वाट अशी: काहीच ठरवायचं नाही. माल बाजारात आणायचा आणि नकलेची वाट बघायची. आयबीएमने १९८७ साली पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए आणलं. ६४० बाय ४८० ठिपके, १६ रंग. बाकीच्यांनी ते उचललं आणि मानक झालं. ना समिती, ना चहा-बिस्किटं. मग उचलणाऱ्यांनी आपापली भर घातली आणि सगळ्यांनीच तिला सुपर व्हीजीए म्हटलं. प्रत्येकाचं 'सुपर' निराळं, त्यामुळे प्रोग्राम लिहिणाऱ्याने ग्राफिक्स कार्डागणिक वेगळा ड्रायव्हर लिहायचा. (रोजगार हमी म्हणतात ती हीच असावी.) शेवटी १९८९मध्ये व्हेसा ही संघटना उभी राहिली आणि ८०० बाय ६००वर मंडळींचं जमलं. तुमच्याकडे इतकं जमू देऊ नका, धंदा बसतो.

सॉफ्टवेअरमध्ये तर पळवाट मानकातच ठेवता येते. पडद्यावर चित्रं काढण्याचं १९९२चं मानक ओपनजीएल, त्यात तिचं नाव एक्स्टेन्शन: कंपनीने आपली खास सोय आपल्या आद्याक्षरांनिशी जोडायची. मानकही पाळलं, वेगळी चूलही मांडली. २०१६मध्ये सगळ्यांसाठी म्हणून व्हल्कन हे नवं मानक आलं, तोवर अ‍ॅपलने आपलं वेगळं मेटल काढून जवळजवळ दोन वर्षं झाली होती.

आता कळस. पडदा जोडणाऱ्या केबलचं मानक एचडीएमआय. त्याच्या २.०ची धाव सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंत, २०१७च्या २.१ने ती ४८वर नेली. पुढे परवाने देणाऱ्यांनीच खुलासा केला की २.० आता वेगळं उरलेलंच नाही, सगळं २.१मध्ये आलं. आणि २.१मधल्या नव्या सोयी? ऐच्छिक. म्हणजे आत जुनाच वेग, बाहेर नवा आकडा, आणि तरी सगळं नियमात. गिऱ्हाइकाच्या भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला, पण टोणगाही प्रमाणित. यापुढे हात जोडावेत.

आकडा नेहमी वर ओढावा. घरच्या टीव्हीच्या ४केमध्ये आडवे ३८४० ठिपके असतात. सिनेमावाले ४०९६ देतात, पण ते तिकीट लावतात.

केबल मात्र खोक्यात टाकू नका. गिऱ्हाईक ती दोनदा विकत घेतं: आधी दुकानदार सांगतो ती, मग चालते ती.