जरा स्ट्राँग द्या!

औषध कडू असेल तर गुणकारी, इंजेक्शन दुखलं तर जालीम, आणि डॉक्टरांनी नुसती विश्रांती सांगितली तर डॉक्टर बदलायची वेळ झाली, असं मानणाऱ्या आपल्या समाजासाठी एक खुशखबर. ज्येष्ठ नागरिकांसाठी फ्लूची चौपट ताकदीची लस असते. साध्या लशीत विषाणूच्या प्रत्येक प्रकाराचं १५ मायक्रोग्रॅम प्रथिन, हिच्यात ६०. अमेरिकेत तिला २००९च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, पासष्टी गाठलेल्यांसाठी. चौपट म्हटल्यावर कुठल्या आजोबांना आता साधी चालेल?

तर्क चुकीचा नाही. वय झालं की शरीराची प्रतिकारशक्तीही पेन्शनीत निघते. ज्या डोसाने तिशीतल्या माणसाच्या अंगात भरपूर प्रतिद्रव्यं तयार होतात, त्याच डोसाने सत्तरीत बेताचीच होतात. एका हाकेत ऐकू येत नसेल तर मोठ्याने हाक मारायची, एवढंच यामागचं शास्त्र. दंड थोडा जास्त दुखतो, पण तो आपल्या हिशेबाने बोनसच.

हाकेला ओ मिळते का, हे मात्र मोजावं लागतं. इथून टक्क्यांची गंमत सुरू होते.

पहिली मोठी चाचणी अमेरिका-कॅनडात झाली, ३१,९८९ जणांवर, दोन हंगाम. निकाल २०१४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. साधी लस घेतलेल्यांपैकी १.९ टक्क्यांना फ्लू झाला, जालीम घेतलेल्यांपैकी १.४ टक्क्यांना. म्हणजे जालीम लस २४ टक्क्यांनी सरस. विकणारा माणूस २४ म्हणतो, १.९ वजा १.४ तो म्हणत नाही, कारण अर्ध्या टक्क्यासाठी कोणी खिशात हात घालत नाही. दोन्ही आकडे खरेच आहेत. साधारण २२० जणांना साधीऐवजी जालीम टोचली, तर त्यातल्या एकाचा फ्लू टळला. हे वाक्य माहितीपत्रकावर शोभत नाही, एवढाच त्याचा दोष.

पुढे अमेरिकेतल्या ८२३ वृद्धाश्रमांतही जालीम लशीने थोडी बाजी मारली. उलट हृदयविकाराच्या पाच हजारांवर रुग्णांवर केलेल्या चाचणीत दोन्ही लशी बरोबरीत सुटल्या. हा निकाल २०२०च्या अखेरीस आला. तो फारसा कोणाच्या तोंडी नसतो. जून २०२२मध्ये अमेरिकी सरकारच्या सल्लागार समितीने सांगून टाकलं की पासष्टीपुढच्यांना शक्यतो जालीम किंवा तशाच दोन जादा जोमाच्या लशींपैकी एक द्या.

खरी मजा डेन्मार्कात.

तिथे २०२१-२२च्या हिवाळ्यात आधी एक रंगीत तालीम झाली, १२,४७७ जणांवर. फ्लू किंवा न्यूमोनियाने इस्पितळात गेले ते साध्या लशीचे २८, जालीम लशीचे १०. झाले की हो ६४ टक्के! मृत्यू ४१ विरुद्ध २१, म्हणजे जवळपास निम्मे. आता बघा, अठ्ठावीस आणि दहा मिळून अडतीस माणसं. एवढी माणसं आपल्याकडे एका मुंजीच्या पंगतीत बसतात. खुद्द संशोधक बिचारे सांगत होते की ही नुसती चाचपणी आहे, चाचणी कशी राबवायची ते आम्ही पाहत होतो. पण ६४ हा आकडा एकदा बाहेर पडला की त्याला परत कोण बोलावणार?

संशोधकांनीच बोलावलं, आणि कसं, ते बघण्यासारखं आहे. डेन्मार्कात प्रत्येक नागरिकाला जन्मापासून एक क्रमांक असतो आणि सरकारी टपाल येण्यासाठी एक डिजिटल पेटी. त्या पेटीत पत्र गेलं: येता का चाचणीत? तीन हिवाळ्यांत ३,३२,४३८ ज्येष्ठ हो म्हणाले. लसीकरण केंद्रावर चिठ्ठी काढल्यासारखं ठरायचं, याला साधी, त्याला जालीम. कोणाला कुठली, हे लपवलंही नव्हतं. मग माणूस घरी. पुढे त्याच्या मागे फॉलोअपसाठी फोन करत कोणी फिरलं नाही. तो इस्पितळात गेला की सरकारी नोंदवहीत आपोआप चढत होता, आणि संशोधक ती नोंदवही वाचत होते. सव्वातीन लाख माणसं एवढ्यावर भागली. आपल्याकडे सोसायटीच्या वार्षिक सभेला कोरम भरत नाही.

ऑगस्ट २०२५च्या अखेरीस माद्रिदच्या हृदयरोग परिषदेत निकाल जाहीर झाला. फ्लू किंवा न्यूमोनियाने दाखल झालेले: साधी ०.७३ टक्के, जालीम ०.६८ टक्के. चौसष्टचे झाले ५.९. तेही संख्याशास्त्राच्या काट्यावर ठरेनात. खरा फायदा उणे २ पासून अधिक १३ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो, म्हणजे शून्यही त्यात आरामात बसतं. मृत्यू निम्मे होणार होते ना? साधी ०.६६, जालीम ०.६७. झाली फिट्टंफाट.

आणि पैसे कोणाचे? सॅनोफीचे. म्हणजे ही लस बनवणाऱ्या कंपनीचेच. स्वखर्चाने आपल्याच मालावर ‘मुख्य मुद्दा सिद्ध झाला नाही’ असा शिक्का मारून घेणाऱ्या कंपन्या रोज दिसत नाहीत. एवढ्यापुरती पाठ थोपटायला हरकत नाही, फक्त बेताने; दंड दुखत असतो.

थांबा, लसविरोधकांनी एवढ्यात पेढे वाटू नयेत. त्याच चाचणीत फक्त फ्लूने दाखल झालेले पाहिले तर साधी ०.११ टक्के, जालीम ०.०६ टक्के. ४३.६ टक्क्यांचा फरक, आणि तो योगायोगाचा वाटत नाही. मग एकूण आकडा मिळमिळीत का? कारण मोजणीत न्यूमोनिया घेतला होता, आणि म्हातारपणीचा बहुतेक न्यूमोनिया फ्लूमुळे होतच नाही. त्याचे जंतू निराळे. फ्लूची लस चौपट असो की दसपट, त्या जंतूंचं काय वाकडं करणार? न्यूमोनियाचं प्रमाण दोन्हीकडे ०.६३ टक्के, काटेकोर समान. मोजायला काय घेतलं यावर लस गाजते की पडते हे ठरलं. पुढे स्पेनमधल्या गॅलिसिया प्रांतातली जुळी चाचणी जोडून ४,६६,३२० जणांचा एकत्र हिशेब मांडला तेव्हा ५.९चे ८.८ झाले आणि संख्याशास्त्राने मान डोलावली.

म्हणजे एकाच चाचणीतून ५.९ही निघतो आणि ४३.६ही. ज्याला जो सोयीचा, त्याने तो उचलावा. मी तिसरा उचलतो: डेन्मार्कच्या आकड्यांवरून फ्लूमुळे इस्पितळात जाणारा एक माणूस वाचवायला सुमारे दोन हजार जणांना साधीऐवजी जालीम टोचावी लागते. सरकारच बिल भरत असेल तर हा सौदा वाईट नाही. दोन हजारांतला तो एक कोणाचा तरी बाप असतो. पण त्या एकासाठी कोणी रात्र रात्र जागून ‘कुठे मिळेल, कितीला मिळेल’ करावं, अशी ही गोष्ट नव्हे.

जाता जाता आणखी एक चौपटीची कथा. लसवाल्यांनी मधल्या काळात तीन विषाणूंची लस चार विषाणूंची केली आणि ‘चारवाली’ म्हणून मिरवली. तेवढ्यात चौथा भिडू, बी-यामागाता, मार्च २०२०नंतर जगात कुठे खात्रीने सापडलेलाच नाही. करोनाच्या घरबंदीत बहुधा तोच संपला. अमेरिकेत २०२४-२५च्या हंगामापासून लस मुकाट पुन्हा तीनाची झाली. जास्त म्हणजे चांगलं, या हिशेबाला विषाणूनेच परस्पर कात्री लावली.

आता आपल्या माणसांकडे येऊ. न्यू जर्सीत लेकीकडे सहा महिने राहायला गेलेल्या काका-काकूंना सप्टेंबरात जावई औषधाच्या दुकानात नेतो. काउंटरवरची मुलगी जन्मतारीख विचारते आणि पासष्टीच्या पुढचे दिसले की फ्रिजमधून आपणहून वेगळी सिरिंज काढते. तिथल्या ज्येष्ठ नागरिकांचं बिल मेडिकेअर हा सरकारी विमा भरतो. पाहुण्यांच्या विम्यात लस सहसा बसत नाही, ते जावयाच्या कार्डावर. काका मात्र खूश. परत आल्यावर कट्ट्यावर सांगतात, ‘तिकडे चौपट देतात.’ कट्टा हळहळतो, आपल्याकडे मेलं काही मिळत नाही.

मिळत नाही काय? साधी लस दवाखान्यात मिळते, दरवर्षी. ती घेतली का, असं विचारा, कट्टा समोरच्या झाडाकडे बघू लागतो. सर्दीची कसली लस? काढा घेतो आम्ही. विषाणूंची राष्ट्रीय संस्था पुण्यात, २००९च्या ऑगस्टात स्वाइन फ्लूने हादरलं ते पुणे, तोंडाला फडकी बांधून रांगा लावल्या त्या पुणेकरांनी. आणि पासष्टीच्या पुणेकराला फ्लू म्हणजे अजून सर्दीच. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ज्येष्ठांच्या फ्लू लशीला जागा नाही, तेव्हा सरकारला दोन शब्द सुनवायलाच हवेत. पण ज्यांच्या खिशाला ती सहज परवडते त्यांचा दंडही कोराच असतो. आणि आपल्याकडे फ्लू पावसाळ्यातही उसळतो, त्यामुळे अमेरिकेचं बघून दिवाळीपर्यंत वाट पाहणाऱ्याचा एक हंगाम तसाच निघून जातो. मला विचाराल तर मृगाच्या आधी साधी टोचून घ्यावी. चौपटीची चर्चा नंतर, दुखऱ्या दंडाने.

डेन्मार्कसारखी चाचणी आपल्याकडे करून बघू, असंही कोणी म्हणेल. क्रमांक आपल्याकडे आहेत, एक सोडून चार आहेत. पण फ्लूची लस घेतल्याची नोंद कुठे असते? सिरिंजवरचं स्टिकर नर्स काढते आणि फाइलच्या आतल्या बाजूला चिकटवते. फाइल काकूंच्या कपाटात, लॉकरच्या कप्प्यात. पुढच्या वर्षी डॉक्टर विचारतात, ‘काका, गेल्या वर्षी घेतली होती ना?’ काका काकूंकडे बघतात. काकू म्हणतात, ‘घेतली असेल. यांचा हात दुखला होता खरा.’