सावकारांच्या गावात

आमच्या फुलसावंगीत सावकाराबद्दल चांगलं बोलायची पद्धत नाही. पेरणीच्या तोंडावर त्याच्या ओसरीवर बसावं लागतं ती गोष्ट वेगळी. पण घरी आल्यावर त्याचा उद्धार झालाच पाहिजे. अशा संस्कारात वाढलेल्या माणसाला पोरानं नेऊन सोडलं कुठे, तर इटलीत फ्लॉरेन्सला. हे अख्खं शहर सावकारीवर उभं आहे.

पोरगा जर्मनीत नोकरीला. आई-बाबांनी एकदा तरी थोरामोठ्यांची कला बघावी, असं त्याच्या मनात. त्याच्या आईच्या मनात पर्स होती.

मेडिची नावाच्या घराण्यानं 1397 साली इथे पेढी काढली. पैसा इतका साचला की त्यांनी चित्रकार पोसले, शिल्पकार पोसले आणि पुढे घरातून पोपसुद्धा काढले. आमच्याकडचा सावकार फार तर देवळाला पंखा देतो आणि पात्यांवर वडिलांचं नाव घालतो. मेडिचींची हौसही तीच, फक्त हात बोत्तिचेल्लीचा. त्याच्या एका चित्रात बाळ येशूपुढे आलेले राजे नीट पाहिले, तर ते मेडिची मंडळीच निघतात. हे चित्र उफिझी संग्रहालयात आहे. 1560 मध्ये ही इमारत बांधायला घेतली ती सरकारी कचेऱ्यांसाठी. कचेरीच्या भिंतींवर रंगकाम आपल्याकडेही होतं, पण ते जिन्याच्या कोपऱ्यात आणि एकाच रंगात.

घराण्याची शेवटची लेक आन्ना मारिया लुईजा. तिनं 1737 साली करार केला आणि सगळा संग्रह राज्याच्या हवाली केला. अट एकच, यातलं काही फ्लॉरेन्सबाहेर न्यायचं नाही. हे पोरानं सांगितलं तेव्हा ही पहिल्यांदा चित्रांपुढे थांबली. "सावकाराच्या लेकीनं गावाले देल्लं? आणि भाऊबंद कोर्टात नाही गेले?" भाऊबंद उरलेच नव्हते, असं पोरगा म्हणाला. "मंग बरोबर," म्हणून ती पुढच्या दालनात गेली.

दाविदाच्या पुतळ्यापुढे मात्र वाद झाला. दुसऱ्यांनी हात लावून सोडून दिलेला, वर्षानुवर्षं पडून राहिलेला दगड मायकेलअँजेलोनं घेतला आणि 1504 मध्ये त्यातून हा सतरा फुटी जवान उभा केला. हाताच्या शिरासुद्धा दिसतात. अंगावर सूत नाही. हिनं एकदा वर पाहिलं, मग जमिनीकडे पाहत म्हणाली, "एवढं कोरलं, त एखादं धोतर कोरायले काय लागत होतं?" पोरगा म्हणाला, "आई, हळू बोल." मला तिचं पटलं. कापूस पिकवणाऱ्या घरच्या बाईला हे खटकणारच.

कापसाचंच दुःख मला मोठ्या चर्चच्या घुमटाखाली झालं. ब्रुनेलेस्कीनं हा अवाढव्य विटांचा घुमट जमिनीपासून लाकडी आधार न देता उभा केला. 1436 मध्ये तो पुरा झाला. ठीक आहे, असतात हुशार माणसं. पण या चर्चच्या बांधकामाची देखरेख लोकरीच्या व्यापाऱ्यांच्या संघाकडे होती, हे कळलं आणि माझा घुमट बघण्यातला रसच गेला. मेंढराच्या केसांवर यांनी एवढं उभारलं; आमच्या वऱ्हाडाचा पांढरा कापूस पार मँचेस्टरपर्यंत गेला आणि आमच्याकडे उरली जिनिंगची धुराडी. वर जायला 463 पायऱ्या आहेत. माहूरला रेणुकामातेच्या पायऱ्या चढून मुरलेली ही माझ्याआधी पोचली. मी धापा टाकत वर गेलो तर विचारते, "देव कुठं आहे?" देव खालीच राहिला होता.

खरी मौज मेर्कातो नुओव्होत, म्हणजे नव्या बाजारात. नवा म्हणजे सोळाव्या शतकातला. कमानींखाली चामड्याच्या पर्सा टांगलेल्या आणि शेजारी पितळी रंगाचं ब्राँझचं रानडुक्कर. त्याच्या नाकावर हात फिरवला की भाग्य उजळतं म्हणे. हात लागून लागून नाक चकाकतं. ज्या जनावरापायी आम्ही तुरीत रात्र-रात्र जागल करतो, त्याला गोंजारायला ही रांग! हिनं हात लावला नाही. "याईच्या वावरात सोडा म्हणा दोन," एवढंच म्हणाली.

याच बाजाराच्या मध्यभागी फरशीत एक गोल दगड आहे. कर्ज बुडवलेल्या व्यापाऱ्याला इथे आणून, विजार उतरवून, त्याचा पार्श्वभाग भर बाजारात दगडावर आपटायचे. मी उगाच दोन पावलं मागं सरकलो. पण याच गावच्या बार्दी आणि पेरूझ्झी या बड्या पेढ्या चौदाव्या शतकात बुडाल्या, त्याला इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्ड राजानं थकवलेल्या कर्जाचाही हातभार होता. त्याला कुणी दगडावर आणलं नाही. मोठ्या थकबाकीदाराचे लाड ही काही आपलीच चाल नव्हे.

दगडाशेजारीच हिनं पर्सवाल्याला निम्म्यावर आणला. भाषा एकाचीही दुसऱ्याला येत नव्हती. ती पाठ फिरवून चालू लागली, आणि ते त्याला समजलं.

दुसऱ्या दिवशी पोरानं कास्चिने बागेच्या टोकाला नेलं. तिथे आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमाजवळ चक्क छत्री आहे, तिच्याखाली फेटेवाल्या तरुणाचा अर्धपुतळा. कोल्हापूरचे राजाराम महाराज. इंग्लंड पाहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 ला ते इथे वारले, विशीत. अग्निसंस्कार इथेच नदीकाठी झाला. छत्रीचा आराखडा मेजर मँटचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याचाच. फुलसावंगीहून कोल्हापूर म्हणजे परमुलूख, पण तिथे ते आम्हाला शिवेला लागून असल्यासारखं वाटलं. "मायले त्याच्या कसं कळवलं असंन?" ही म्हणाली. मग बराच वेळ पर्सचा विषय निघाला नाही.

विमानतळावर निघाला. बॅग दीड किलो जास्त भरली. कापसाच्या काट्यावर जन्म गेलेली बाई ती. तिनं काउंटरवरच्या मुलीला खुणेनं सांगितलं, बॅग उचल, आधी खाली काटा दाखव. मुलीनं मुकाट्यानं दाखवला. शून्य. हिनं वाकून बाजूला कुणाचा पाय टेकलाय का तेही पाहिलं. मग बॅग उघडून उफिझीच्या दुकानातून मी घेतलेलं चित्रांचं जाडजूड पुस्तक बाहेर काढलं, माझ्या मांडीवर ठेवलं आणि तिन्ही पर्सा आत नीट दाबून चेन लावली.